पवनीच्या वाटेवरचा तलाव, ज्याचं नाव मी लिहिणार नाही

शेवटी गेलेच. तो व्हिडिओ आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरत होता: पोट वर करून तरंगणाऱ्या मासोळ्या, आणि खाली 'भंडाऱ्याच्या तलावांत विष! पुढे पाठवा.' मी जात्याच भित्री, पण आमच्या घरी भंडाऱ्याच्या मासोळीशिवाय रविवार होत नाही. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघून येऊ.

नागपूरहून सकाळच्या एसटीने भंडारा, तिथून पवनीच्या गाडीने अड्याळ. रस्ता चांगला आहे. टोपी तेवढी न्या. स्टँडवर तर्री पोहे झकास मिळाले, पाणी मात्र मी घरून आणलेलंच प्यायले. इतकी धास्ती घेतली होती.

अड्याळच्या बाजारात शेवंताबाई मासोळी विकायला बसल्या होत्या. टोपली भरलेली, गिऱ्हाईक एकही नाही. एकाने तर तो व्हिडिओ लावून मोबाईलच त्यांच्यापुढे धरला.

"हा आमचा तलाव नाही जी," त्या वैतागल्या. "मागं नारळाची झाडं दिसून राहिली. आमच्या पाळीवर नारळ हाय का?"

खरंच, मागे नारळाची रांग होती आणि आमच्यापैकी कुणी ती पाहिलीच नव्हती! मला इतकं हायसं वाटलं की त्यांचा तलाव बघायला मी त्यांच्यासोबतच निघाले.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, त्यांचे यजमान देवराव आणि इतर ढिवर मंडळी जाळं ओढून मासोळीचे हिस्से पाडत होती. इथली रीत अशी, की हिस्से पडताना जो पाळीवर उभा असेल, त्याचाही एक हिस्सा. पळसाच्या पानांवर माझाही पडला. मी खुशीत हात धुवायला काठाशी उतरले आणि थबकले. बेशरमाच्या झुडपांखाली मेलेल्या मासोळ्यांचा ढीग होता, वर पांढरा चुना.

"मरून राहिल्या," देवराव हळूच म्हणाले. "काहून, ते समजत नाही. मेलेली आम्ही विकत नाही, ताई. जिती तेवढीच."

"पाणी तपासायला दिलं का?"

"देलं की लोकायले मालूम होते. कोणीतरी व्हिडिओ काढते. खोट्या व्हिडिओनं टोपली भरलेली वापस आली. खऱ्यानं काय होईन?"

शेवंताबाईंनी माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. "फोटो नोको काढजा, ताई."

"तुम्ही हीच खाता?"

"मंग? लेकरंबी हेच खाऊन राहिले."

फोटो काढला नाही. हिस्सा नाकारणं जमलं नाही, तो पिशवीत घेऊन परतले.

घरी आल्यावर ती पिशवी फ्रीजमध्ये ठेवली. शिजवायची भीती वाटते, टाकून द्यायची लाज वाटते. ग्रुपवर एवढंच लिहिलं, की तो व्हिडिओ आपल्याकडचा नाही. धडाधड अंगठे आले. मावसबहीण म्हणाली, "बरं झालं बाई! उद्या मासोळी आणते."

मी घाईने लिहिलं, "नको आणू."

लगेच तिचं उत्तर आलं, "काहून?"

अजून मी काही लिहिलेलं नाही.