अर्धी भाकरी

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. माणसं एकमेकांशी अशी का वागतात, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. घरात मात्र माझं कुणी ऐकून घेत नाही, आणि ते बहुधा योग्यच असावं.

गेल्या वर्षी आई गेली आणि दादा, म्हणजे माझे वडील, बजाजनगरची खोली सोडून गारखेड्याला आमच्याकडे राहायला आले. वाळूजच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेला धिप्पाड माणूस. बघता बघता त्यांचे सदरे खांद्यावरून लोंबायला लागले. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं. सगळं ठीक. "भूक लागते का?" त्यांनी विचारलं. "लागती की," दादा म्हणाले. मला भीती वाटत होती, आईच्या मागोमाग हेही जातील याची. बायकोलाही वाटत असणार, कारण बँकेतून दमून आली तरी ती त्यांच्या आवडीची येसर आमटी नाहीतर पिठलं करायचीच.

मग एका रविवारी दुपारी जेवताना मी नुसता बघत बसलो. दादांची एक भाकरी संपली. बायकोने विचारलं, "दादा, भाकरी वाढू?"

"नको माय, लई झालं," म्हणत दादांनी ताटावर हात आडवा धरला. बायकोने दुरडी झाकली. दादांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो उचलून पाण्याचा पेला जवळ ओढला.

तो हात बघून माझी ट्यूब पेटली. आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर नको म्हणायची रीत आहे. लगेच हो म्हणणारा हावरट. वाढणाऱ्याने पुन्हा आग्रह करायचा, खाणाऱ्याने पुन्हा नको म्हणायचं, आणि या ओढाताणीत भाकरी ताटात पडते. आपण या घरात हवे आहोत का, हे खाणारा चाचपून बघत असतो. वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात. दादा मात्र त्यापायी अर्धपोटी उठत होते.

भांडी आवरताना बायकोला सांगितलं, तर ती भडकली. "भूक असेल तर सांगावं ना माणसाने! लहानपणी आमची आत्या मी रडले तरी ताटात घालायची. तेव्हाच ठरवलं होतं, कुणी नको म्हटलं तर त्याचा मान राखायचा."

तिचंही खरं होतं. ती मान राखत होती आणि दादांना वाटत होतं, इथं आपल्याला कुणी विचारत नाही. दोघंही आपापल्या परीने सभ्य, आणि त्या सभ्यतेत माणूस वाळत चाललेला. मला दोघांचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी दादांनाही समजावलं. "ही एकदाच विचारती, दादा. नको म्हणलं की तिला खरंच वाटतं. लागली तर मागून घेत जा."

"मागून?" भीक मागायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "घरात मागून खावं व्हय? तुझ्या मायनं कधी मागू दिलं नाय."



संध्याकाळी पुन्हा तेच. "भाकरी?" "नको माय, बास." हात आडवा. बायको दुरडी घेऊन उठली, ओट्यापाशी जरा थांबली, परत आली आणि त्यांच्या त्या आडव्या हातावरच गरम भाकरी ठेवली.

"गुपचूप खा," ती म्हणाली. सासऱ्यांशी ती अशी कधीच बोलली नव्हती.

दादा भाकरीकडे बघत राहिले. आई गेली तेव्हा सगळे रडले, दादा रडले नव्हते. आता रडले. बाहीने डोळे पुसत, रडत रडतच त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली. आम्ही दोघं खाली मान घालून जेवत होतो.

ताट स्वच्छ झालं. दादांनी घसा खाकरला आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "अजून अर्धी दे गं, माय."

तिने अख्खी वाढली.