मधली टाळी

मीनावहिनींचा फोन आला तेव्हा मी क्रॉयडनच्या ऑफिसात लंचला बसलो होतो. "दिलीप गेले हो..." एवढंच म्हणाल्या. मी म्हणालो, "बरं." बरं! मग फोन ठेवून उरलेलं सँडविच शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. सहा आठवडे झाले, अजून रडू आलेलं नाही.

ऐंशीच्या दशकात हा माझा मित्र लंडनजवळच्या वॉटफर्डच्या एका फंक बँडमध्ये, म्हणजे नाचायला लावणाऱ्या ठेक्याच्या बँडमध्ये, बेस गिटार वाजवायचा. बाकीचे तिघे जमैकन घरांतले. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, ती कधी आली नि कधी गेली, कुणाला पत्ताही लागला नाही. मी चिडवायचो, "अरे, तुझा बँड ऐकलेला एक तरी माणूस दाखव, जेवण माझ्याकडून!" तो नुसता हसायचा, टेबलावर बोटं वाजवत राहायचा. "ठोक्यावर टाळी कुणीही देईल रे. दोन ठोक्यांच्या मधे दे. मग बघ, पाय कसे हलतात!"

दशक संपता संपता बँड मोडला आणि हे खूळ त्याने आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आणलं. आरतीला पुढे बसणाऱ्या पोरांना मधली टाळी शिकवली. मी तेव्हा सेक्रेटरी, शिस्तीचा पुतळा. अंगाचा नुसता तिळपापड झाला. सगळ्यांदेखत ओरडलो, "दिलीप, हा गणपती आहे, तुझा पब नाही!" त्याने हात खाली घेतले, प्रसाद घेतला आणि वहिनींबरोबर निघून गेला. पुढे आमचे फोन, चहा, सगळं चालू राहिलं... पण आरतीला तो परत कधी आला नाही. मीही 'ये' म्हणालो नाही. सॉरी तर लांबच. दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी म्हणू.

परवा गणपती बसले. नेहमीप्रमाणे टाळ माझ्याच हातात. आरती सुरू झाली आणि पुण्याहून नुकत्याच आलेल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "काका, इथे सगळे टाळी चुकतात का हो?" मी टाळ थांबवून ऐकलं. तेव्हाची पोरं आता आईबाप झालीत. ती आणि त्यांची मुलं, सगळी मधे टाळी देत होती. इतकी वर्षं देत असणार. माझ्याच टाळांच्या आवाजात मला ती कधी ऐकूच आली नव्हती.

"चुकत नाहीत," मी म्हणालो. "आमच्या दिलीपने शिकवलीय."

टाळ खाली ठेवले आणि मीही टाळी द्यायला गेलो. जमेना. दर वेळी हात ठोक्यावरच पडायचे. पुढची एक चिमुरडी मागे वळली. "आजोबा, थोडा वेट करायचा, मग क्लॅप."

मी थांबलो... आणि आरती संपली.