राजाची बाजू

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यातले मेंटेनन्स प्लॅनर वाल्मिक मेश्राम मशीन बिघडली तरी शांत असतात, बायको बिघडली तरी शांत असतात. पण गेल्या वर्षापासून कोणी नुसतं 'वॉटर्लूचा योगेश' म्हटलं, की त्यांच्या कपातला चहा हिंदकळतो.

कारणही तसंच आहे. इथल्या आंबेडकरी असोसिएशनचा रविवारचा अभ्यासवर्ग वाल्मिकरावांनी सुरू केला. एकोणिसाव्या शतकातला युरोप हा तर त्यांचा हातखंडा विषय. राजे-सरदारांच्या बुडाखालची जमीन कशी हलली, गिरणीमालकांचा उदारमतवाद मजुराला का पुरला नाही, समाजवाद कुठल्या धुरातून वर आला, हे ऐकत ऐकत इथली पोरं मोठी होऊन युनिव्हर्सिटीत गेली. भीमजयंतीचं मुख्य भाषणही दरवर्षी त्यांचंच.

मग तासाभरावरच्या वॉटर्लू शहरातून हा सॉफ्टवेअरवाला योगेश उगवला. म्हणाला, "दादा, लेक्चर नको. चिठ्ठ्या टाकू. ज्याला जो विचार निघेल, त्याने त्या विचाराचा माणूस होऊन भांडायचं." लोक भांडले, हसले, दुपटीने यायला लागले. शेवटी अध्यक्षा प्रमोदिनीताईंनी जाहीर करून टाकलं: या रविवारी दोघांपैकी ज्याच्यासाठी जास्त हात वर होतील, तो यंदा जयंतीला बोलेल.

"काहून इतके जळून राहिले तुम्ही?" गाडीत बायकोने, वनिताने विचारलं.

"मी? मी कायले जळू?" म्हणत वाल्मिकरावांनी वायपर चालू केले. काच कोरडी ठणठणीत होती.

लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये बुद्धवंदना झाली, चिठ्ठ्यांचा डबा फिरला. योगेशला निघाला समाजवाद. वाल्मिकरावांचा समाजवाद! आपलाच कोट घालून कोणी आपल्यासमोर मिरवावं, तसं त्यांना झालं. त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठीत होतं: जुनी राजेशाही.

"बदलून घेता का, दादा?" योगेशने आपुलकीने विचारलं. त्या आपुलकीनेच घात केला.

"राजा कोणाले मांगत नाही," वाल्मिकराव म्हणाले.

योगेश उभा राहिला. "महाराज, अठराशे अठ्ठेचाळीस साल आहे. पॅरिस पेटलं, व्हिएन्ना पेटलं. आमची लेकरं गिरणीत खोकतात, आणि मत मागितलं की तुम्ही विचारता, जमीन किती? आता राबणाऱ्यांचंच राज्य येणार!"

टाळ्या पडल्या. त्यात वनिताचीही एक होती. वाल्मिकरावांनी ती नेमकी पाहिली.

ते उठले. "काल आलेले तुम्ही!" आवाज असा निघाला की मागची कुजबुज थांबली. "हे राज्य उभं कोणी केलं? तुम्ही नव्हते तेव्हा खुर्च्या आम्ही मांडल्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर बोललो आम्ही! स्नोस्टॉर्ममध्ये बर्फ शोव्हल करून हे दार उघडलं! आणि आता म्हणता, हात वर करून ठरवू? गादी काय अशी मिळते? प्रजेचं काय, नवीन तमाशा दिसला की निघाली तिकडे!"

मग त्यांची लेक गुंजन म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट युरोप. दॅट्स अस."

"वाल्मिकभाऊ," प्रमोदिनीताईंनी चष्मा पुसत विचारलं, "कोणत्या राजवाड्यात महाराज स्वतः शोव्हल करत होते हो?"

सगळा बेसमेंट हसला. वाल्मिकराव मटकन खाली बसले. आयुष्यभर ज्या राजाला शिव्या घातल्या, तो आपल्याच पोटातून एवढा सहज बोलेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

हात मोजायची गरजच पडली नाही, सगळेच वाल्मिकरावांसाठी वर झाले. इतका खरा राजा आजवर कोणी पाहिला नव्हता. जयंतीचं भाषण वाल्मिकरावांकडेच राहिलं.

परतताना वनिता म्हणाली, "झालं ना मनासारखं? आता कशावर बोलाल?"

"जुनी सत्ता खुर्ची सुखासुखी का सोडत नाही, यावर."

"चला, जळणं तरी गेलं."

वाल्मिकरावांनी सिग्नलला गाडी थांबवली.

"पहिला हात त्याने वर केला, वनिता. माझ्यासाठी. सगळ्यांच्या आधी." त्यांनी पुन्हा वायपर चालू केले. "एवढं चांगलं वागायची काही गरज होती का त्याले?"