मास्तरांचा सुटलेला हात

राजेश्वर गावच्या शाळेसमोरून हायवे जातो. ट्रकला तिथं उतार लागतो, आणि उतार लागला की ड्रायव्हरला घर आठवतं. अशा त्या रस्त्यावरून हणमंतराव मास्तरांनी एकतीस वर्षं रोज शाळा सुटल्यावर पोरांची साखळी पलीकडं नेली. आधी उजवीकडं बघायचं, मग डावीकडं, आणि काही झालं तरी शेजाऱ्याचा हात सोडायचा नाही. सोडला, तर दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्यांसमोर कान धरून उभं. मास्तर 'बस' म्हणेपर्यंत. एकतीस वर्षांत एका पोराला खरचटलं नाही. शिकवायचे भूगोल, पण गावानं त्यांना ओळखलं ते या रस्त्यामुळं. त्यांच्या हाताखालून गेलेला चाळिशीचा माणूस आजही शेतातल्या पायवाटेवर उजवी-डावी बघतो. म्हैस येत नसली तरी बघतो.

मास्तर रिटायर झाले, तशी बेंगळूरुच्या प्रणेशनं, त्यांच्या मुलानं, आईबापांना व्हिएतनामची तिकिटं काढून दिली. तिथं समुद्रात डोंगर आहेत म्हणे. 'तीन बाजूंनी जमीन तो उपसागर' हे वाक्य मास्तरांनी हजारदा फळ्यावर लिहिलेलं; डोळ्यानं मात्र गावतळ्यापेक्षा फार मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. पण नलिनीबाई अडून बसल्या.

"माझा डावा डोळा धूसर झालाय. मी काय बघणार तिथं जाऊन?"

"अगं, मी आहे की. माझा हात धरून चाल."

एवढ्या शब्दावर बाई निघाल्या.

हनोईत उतरले आणि मास्तर बघतच राहिले. आपल्याकडं जत्रेत जितकी माणसं, तितक्या तिथं मोटरसायकली. एकीवर फ्रिज बांधलेला, एकीवर नवरा-बायको, दोन लेकरं आणि कुंडीसकट संत्र्याचं झाड. हॉटेलातली पोरगी इंग्रजीत म्हणाली, "थांबू नका, पळू नका. हळू चालत राहा, गाड्या तुम्हाला वळसा घालून जातात."

मास्तर बाहेर येऊन हसले. "बघ की, मला रस्ता शिकवायलीय!"

त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. भूगोलाच्या मास्तरांना हे ठाऊक होतं. पण एकतीस वर्षांच्या सवयीची मान, ती आधी उजवीकडंच वळली. उजवीकडं मोकळं होतं. पाऊल टाकलं, आणि डावीकडून मोहोळ उठल्यासारख्या गाड्या आल्या. कसेबसे मधोमध पोचतात तोवर एक बस भोंगा वाजवत आली. पुढचं मास्तरांना आठवत नाही असं नाही; चांगलं आठवतं. त्यांनी बायकोचा हात झटकला आणि पळाले. पलीकडच्या फुटपाथवर प्लास्टिकची बुटकी स्टुलं मांडलेली होती, त्यांतल्या एकावर आदळले तेव्हा थांबले.

मागं वळून बघितलं. नलिनीबाई गाड्यांच्या मधोमध, तोंडावर पदर धरून, डोळे मिटून उभ्या. डोंगर आल्यावर ओढा फुटावा तशा गाड्या त्यांच्या दोन्ही अंगांनी जात होत्या. आता परत जावं, असं मास्तरांच्या मनात आलं. पाय उचलला नाही.

शेवटी कुणी आणलं? तर खांद्यावर कावड घेऊन अननस विकणाऱ्या एका बाईनं. तिनं नलिनीबाईंचा दंड धरला आणि सासरी निघालेल्या लेकीला पोचवावं तसं सावकाश पलीकडं आणून सोडलं. नलिनीबाईंनी पिशवीतून डबी काढली, तिला कुंकू लावलं. ती हसली, फोडी हातावर ठेवून गेली.

मग बाई नवऱ्याकडं वळल्या. "अहो, तुम्हाला कुठं लागलं नाही ना?"

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी 'हा लाँग' नावाचा उपसागर. हिरवं पाणी, आणि उन्हाळ्यात तळ्यात म्हशी बसाव्यात तसे गळ्यापर्यंत बुडून बसलेले शेकडो डोंगर. मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरायचं होतं. मास्तर आधी उतरले, हात वर केला. नलिनीबाईंनी नावाड्याचा हात धरला. रागानं नव्हे, सहज. तीन बाजूंची जमीन मोजायची मास्तरांना शुद्ध राहिली नाही.

गावी आल्यावर लोक म्हणाले, सुखरूप आलात, मावंदं घाला. यात्रेहून आल्यावर घालतात तसली पंगत. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, आमटी, वरण-भात. पंगतीत बहुतेक जुने विद्यार्थीच. त्यांत ट्रॅक्टरच्या दुकानाचा अमरेश.

"सर, तिथला रस्ता कसा वलांडला, सांगा की!"

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "साखळी केली की आम्हा दोघांची. पण ह्या घाबरल्या, मधेच हात सोडला."

पंगत हसली. अमरेश ओरडला, "काकू, कामून सोडला वो? उद्या प्रार्थनेला कान धरून उभं ऱ्हावा!"

नलिनीबाई तूप वाढत होत्या. त्या जराशा थांबल्या. "व्हय रे बाबा. माझाच हात सुटला," म्हणाल्या, आणि मास्तरांच्या हुग्गीवर तुपाची धार धरली. रोजच्यापेक्षा थोडी जास्तच.

मास्तरांनी उचललेला घास पानात परत ठेवला. ते उठले.

"सर, पाणी पायजे का?"

मास्तरांनी खरकट्या हातानं उजवा कान धरला, दुसऱ्यानं डावा. कानाच्या पाळीला हुग्गी लागली. कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"हात मी सोडला," मास्तर म्हणाले. "ही मधे उभी होती आणि मी पळालो. आणि आत्ता तुमच्यापुढं खोटंही बोललो."

अमरेशनं मान खाली घातली. 'बसा' म्हणावं असं प्रत्येकाला वाटत होतं. पण त्या शिक्षेत बस म्हणायचा हक्क एकट्या मास्तरांचा, तो कोण घेणार? मास्तर तसेच उभे. धोतरावर तूप ठिबकलं.

नलिनीबाईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. "बसा आता. वरण निवायलंय."

संध्याकाळी पलीकडच्या मारुतीला नारळ द्यायला दोघं हायवेवर आले. मास्तरांनी सवयीनं हात पुढं केला, आणि लाजून अर्ध्यावर थांबवला. बाईंनी तो हात घेतला नाही. लहान पोराचं धरतात तसं त्यांचं मनगट धरलं, घट्ट.

"आधी उजवीकडं बघा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी बघितलं.