पाणीआक्का

पाणीआक्काने कधी कुणाला "पाणी पाहिजे का?" असे विचारले नाही. "इचारलं की म्हातारं मानूस नको म्हनतंय," ती म्हणायची, "म्हनून इचारायचंच न्हाई." निजामाच्या राज्यात परभणीच्या दवाखान्यात ती आया होती आणि मी कंपौंडर. पिंगळीहून रोज रेल्वेने यायची. म्हाताऱ्यांच्या खोलीत आठ खाटा होत्या आणि तिथला कारभार मी पाहत असे, म्हणजे हुकूम सोडत असे.

पदराच्या गाठीत तिच्याजवळ गूळ असायचा. खाटेशी बसायचे, तळहातावर खडा ठेवायचा आणि तांब्या पुढे करायचा. गूळपाणी नाकारून घरधनिणीचा अपमान कोण करणार? आठही म्हातारे दिवसातून सहा-सात वेळा तिचे पाहुणे व्हायचे. "गूळ खाल्ला न्हवं आबा? मग पानी काय मी पिऊ?" आबा बोळक्या तोंडाने हसत आणि पीत.

आमचे वाजले ते चादरींवरून. सकाळी ओल्या चादरी निघत, धोबी कुरकुरे. मी हुकूम काढला : दिवेलागणीनंतर म्हाताऱ्यांना पाणी बंद. खोली कोरडी असली की मला ती चांगली वाटे, इतका मी शहाणा! आक्का म्हणाली, "साब, उन्हाळा लय हाय." मी ऐकले नाही.

पेडगावचे आप्पा पाय मोडून पडले होते. अंगावर कधी कुणाचा उपकार न घेतलेला शेतकरी. माझा हुकूम त्यांनी मनाला लावून घेतला आणि दिवसाही पाणी पिणे सोडले; आक्काच्या गुळालाही हात लावेनात. तिसऱ्या दिवशी ते बरळू लागले. पोटच्या मुलाला ओळखेनात. "वय झालं, घरी न्या," डॉक्टरसाहेब म्हणाले. मुलगा गाडी आणायला गावी गेला.

"डोस्कं फिरलं न्हाई यांचं," आक्का माझ्यावर कडाडली. "आतून वाळलंय म्हातारं. जीभ बघा! गाडी येस्तोवर ह्ये माझ्या ताब्यात." तिने गूळ-मीठ घालून पाणी केले आणि चमचा लावला. आप्पांनी ओठ घट्ट मिटले. "चादर..." एवढेच पुटपुटले. ती त्यांच्या कानाशी वाकली. "भिजू द्या की आप्पा. धुयाला मी हाय न्हवं?"

ओठ उघडले. तो दिवस आणि दुसरा दिवस ती खाटेपासून हलली नाही. संध्याकाळी मुलगा दारात आला, तेव्हा आप्पांनी त्याला नावाने हाक मारून विचारले, "बैलास्नी पानी दावलं का रं?" गाडी रिकामीच परत गेली. मी हुकूम मागे घेतला.

काही वर्षांनी आक्का त्याच खोलीत कोपऱ्यातल्या खाटेवर आली, आया म्हणून नव्हे. मी विचारले, "आक्का, पाणी देऊ का?"

"नको साब. तहान न्हाई."

माझी चूक माझ्या लक्षात आली. गुळाचा खडा आणून मी तिच्या हातावर ठेवला आणि तांब्या पुढे केला. तिने खडा मुठीत धरला, अंगाखालच्या चादरीकडे पाहिले. "भिजंल की वो."

"भिजू द्या. धुवायला मी आहे."

ती खुदकन हसली आणि घोट घोट करीत सगळे पाणी प्याली.

चौथ्या दिवशी ती गेली. त्या दिवसांत तिची चादर दोनदा भिजली. दोन्ही वेळा मी ती विहिरीवर नेऊन स्वतः धुतली. लोक बघत होते. मला लाज वाटली ती एकाच गोष्टीची : इतक्या वर्षांत हे काम मी पहिल्यांदा करत होतो.