उंबऱ्यावरचं नाव

काल ऑफिसात दिवाळीच्या भेटवस्तूंचे खोके आले. नव्या पुठ्ठ्याचा वास नाकात शिरला आणि मी मनाने, लहानपणी वाढले त्या बदलापूरच्या आमच्या बालगृहाच्या उंबऱ्याशी जाऊन बसले.

माझं अक्षर चांगलं, म्हणून स्वागताची रांगोळी कायम माझ्याकडे. एका दिवाळीच्या आदल्या दिवशी अंबरनाथच्या तीन कंपन्यांची माणसं भेटवस्तू घेऊन यायची होती. एका कंपनीची गाडी गेली की तिचं नाव ओल्या फडक्याने पुसायचं, पुठ्ठ्याने वारा घालून फरशी वाळवायची आणि पुढचीचं नाव काढायचं. तिसऱ्या नावापर्यंत पाठ भरून आली. त्या तिसऱ्या कंपनीचे साहेब तर फोनवर बोलत रांगोळीवरूनच आत गेले.

संध्याकाळी वॉर्डनताई म्हणाल्या, "उद्या दिवाळी, आता कुणी यायचं नाही. तुमच्या मनाची काढा गं." मी आणि माझी मैत्रीण सुनी चिमटीत रांगोळी धरून कितीतरी वेळ बसून राहिलो. काय काढायचं, काही सुचेचना.

"मॅडम, हे खोके घेऊन उद्या बालगृहात जायचंय ना, त्यांना फोन करतेय," ऑफिसात माझ्या टेबलाशी येऊन एचआरमधली श्वेता म्हणाली. "काही सांगू का?"

"दारात आपल्या कंपनीच्या नावाची रांगोळी नको म्हणावं."