गुलाम रसूलची भाची

सावली गावच्या बाजारात गुलाम रसूल टेलरचं दुकान आणि घर एकच. पुढे मशीन, मध्ये पडदा, पडद्यामागे त्याची बायको जाहिदा आणि तिची चूल. माणूस हाताचा साफ, पण तोंडाचा फाटका. कोणाचं पोट सुटलं, कोणाच्या लेकीचं स्थळ मोडलं, हे सगळं माप घेता घेता सांगायचा आणि वर म्हणायचा, "मी कोणाची गोष्ट कोणाले सांगत नाई, भाऊ. शिंप्याचा धंदाच लाज झाकाचा हाये." आम्ही शेजारी तोंड फिरवून हसायचो.

गावाबाहेर सोबतघर नावाची संस्था होती. ज्या घरावर वाईट वेळ आली, त्या घरची पोरं तिथं राहायची आणि आईबाप सावरले की परत जायची. कुलदीप नावाचा तरुण ती चालवायचा. भिंतीवर संस्थेची तत्त्वं रंगवली होती. तत्त्वं म्हटलं की मला जांभई येते, भिंत रंगवायला कोणाचं काय जातं? पण ही जरा वेगळी होती. 'पोर आईबापाचं, आपण सोबतीला.' 'आधी जेवण, मग चौकशी.' आणि सगळ्यात खाली, 'पोराची गोष्ट पोराची. ती सांगायची की नाही, हे पोरच ठरवील.'

१९९८च्या दिवाळीआधी एका व्यापाऱ्यानं सोबतघराला कापडाचं अख्खं थान दिलं. हिरव्यावर मोठाली पिवळी फुलं. दान दुरून दिसायला नको का! गुलाम रसूल म्हणाला, शिलाई फुकट.

"सगळ्या पोरायले एकच कापड नको," कुलदीप कुरकुरला. "गावात गेले की कोणीबी ओळखन, हे संस्थेचे म्हणून."

"अन् ओळखलं तं काय चोर हायेत का? एका थानातून काटलं तं चिंधी वाया जात नाई."

दिवाळी तोंडावर आली होती, दुसरं कापड आणायला पैसा नव्हता. कुलदीपनं थान त्याच्या दुकानात पोचवलं. गुलाम रसूलनं झगे आणि सदरे असे शिवले की फूल फुलाला जुळलं पाहिजे. आठ दिवस तो स्वतःच्याच कामावर खूष होता.

त्या पोरांत संघप्रिया होती. अकरा वर्षांची, बाप वारलेला. आई सीता वडशाला राइस मिलमध्ये कामाला लागली होती, खोली मिळाली की लेकीला नेणार होती. शाळेत 'संस्थेचा, संस्थेचा' म्हणून एका पोराला रडेपर्यंत चिडवलेलं तिनं पाहिलं होतं. म्हणून तिनं मैत्रिणींना सांगून टाकलं होतं, मी मामाकडे राहते. आता मामा तिला एकही नव्हता, ही गोष्ट वेगळी. शाळेच्या ड्रेसात सगळ्या सारख्याच दिसतात, त्यामुळे निभत होतं.

भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. पाळणे, बांगड्यांची दुकानं, जिलबीचे घाणे. फुलाफुलांची पोरं पाळण्यापाशी रांगेत उभी होती आणि गुलाम रसूल लांबून आपली कारागिरी बघत होता. तेवढ्यात जिलबीच्या दुकानापाशी त्याला संघप्रिया दिसली. सोबत शाळेतल्या मैत्रिणी. अंगात त्यानंच शिवलेला झगा, पण उलटा! शिवण बाहेर, फुलं आत.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ दिवसांच्या मेहनतीची ही कदर?

"अवं पोरी, झगा उलटा घातला काय वं?" तो भर मंडईत ओरडला. "सोबतघराची ना तू? तुमच्या संस्थेत आरसा नाई का? पाह्य तिकडं, बाकीच्यायनं कसा सुलटा घातला!" आणि बाहीची कड उलटून त्यानं पिवळी फुलं सगळ्यांना दाखवली.

मैत्रिणींनी बाहीकडे पाहिलं, मग पाळण्याकडे. संघप्रिया रडली नाही. तिनं फक्त बाही पुन्हा होती तशी केली.

तेव्हा कुठे गुलाम रसूलची नजर तिच्या पाठीवर गेली. झग्याची बटणं आतल्या बाजूनं लावलेली होती. एकेक, खालपर्यंत. असं चुकून होत नाही. कोणीतरी बसून, हात पाठीमागे वाकडा करून लावलेली बटणं होती ती. भिंतीवरचं शेवटचं वाक्य त्याला आठवलं आणि जमीन पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. तो तसाच घरी निघून आला.

दुसऱ्या दिवशी जाहिदासाठी आणलेल्या निळ्या कापडाचा झगा शिवून तो सोबतघरात गेला आणि कुलदीपपुढे हात जोडू लागला.

"मले काय सांगता? तिले सांगा," कुलदीप म्हणाला.

संघप्रियानं निळ्या झग्याला हात लावला नाही. खाली बघून भराभर म्हणाली, "मी मैत्रिणीयले सांगितलं, हेच माहे मामा होत. माह्या आईनं राखी बांधली तुमाले. तुमाले मस्करीची सवय हाये, म्हून मले संस्थेची म्हणून चिडवलं. अन् संस्थेचं कापड उरलं, त्याचा माहा झगा." मग वर बघितलं. "कोणी विचारलं तं हो म्हणजा."

ज्यानं तिला उघडं पाडलं, त्यालाच तिनं मामा करून टाकलं होतं. गुलाम रसूलनं मान हलवली.

पुढे तो गप्प गप्प राहू लागला. गिऱ्हाइकं म्हणायची, टेलरला झालं काय? गावभरच्या बातम्या बायकोला सांगणाऱ्यानं ही एक गोष्ट जाहिदालाही सांगितली नाही.

आणि एका रविवारी दुकानापुढे एक पोरगी येऊन उभी राहिली. मंडईतल्या मैत्रिणींपैकी, गुलाब नावाची.

"मामा, संघप्रिया घरात हाये का?"

कात्री कापडातच थांबली. "हाये ना... म्हंजे... मागं गेली, पाण्याले."

पडदा सरकवून जाहिदानं डोकं बाहेर काढलं. तिच्या घरात संघप्रिया नावाचं कोणी नव्हतं. तिनं गुलाबकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे.

"बैठ बेटा," ती म्हणाली. "येतेच ते."

पडद्याआड मात्र तिनं त्याचा हात धरला. "कौन है ये?"

"मले नोको विचारू. ते तिची गोष्ट हाये."

मागच्या दारानं त्यानं सायकल काढली. परतताना संघप्रिया कॅरिअरवर बसली होती, अंगात तोच फुलांचा झगा, आता सुलटा. चुलीपाशी जाहिदानं तिच्या हातात पाण्याची कळशी दिली, आणि पोरगी पडदा सारून बाहेर आली, जणू रोजचंच.

"मामा, गुलाबले चहा करू का?"

गुलाबनं तेवढ्याशा घरात नजर फिरवली. "तू झोपते कुठी वं इथी?"

संघप्रियानं पडद्याकडे पाहिलं. आतून जाहिदाचा आवाज आला, "माझ्याजवळ. और कुठी?"

गुलाम रसूलला मान वर करवेना. त्यानं मशीन सुरू केली. सुईत दोरा नव्हता, तरी तो पाय मारत राहिला.